पन्नीचा पैसा कोणी द्यायचा, आणि सूट कोणाला?

पावसाळा तोंडावर आला, नाल्या तुंबायला लागल्या की अमरावती-अकोल्याच्या बाजारांत महापालिकेची पथकं फिरायला लागतात. कुठे पन्नीचे गठ्ठे जप्त होतात, कुठे पावती फाटते. दोन-चार दिवस गाडीवाले "थैली आणा, भाऊ" म्हणतात आणि पंधरा दिवसांनी पन्नी पुन्हा गाडीखालच्या पोत्यातून बाहेर येते. सध्याच्या वर्षांत ईद-उल-अज्हाही याच सुमारास येते, त्यामुळे आपल्या घरांत आणखी एक प्रश्न उभा राहतो: गोश्तचे हिस्से वाटायचे कशात?

अकोल्यातल्या एका फळगाडीवाल्याला आम्ही विचारलं, "मामू, बंदी आहे तरी पन्नी का ठेवता?" तो म्हणाला, "सर, पन्नी नै दी तो गिराक बाजू की गाडी पे जाता. दी तो पावती मेरे नाम की. गिराक के नाम की पावती कभी देखी क्या आपने?" आम्ही खरंच पाहिली नव्हती. कायद्याने तर पन्नी वापरणारा गिऱ्हाईकही दोषी आहे. मग या पन्नीचा पैसा नेमका कोणाच्या खिशातून जायला हवा, आणि कोणाला त्यातून सूट मिळायला हवी?

आपल्याकडे या प्रश्नाची आजवर तीन उत्तरं दिली गेली. पहिलं 2011 च्या केंद्रीय नियमांचं: प्लास्टिकची पिशवी फुकट द्यायची नाही, तिची किमान किंमत स्थानिक संस्थेने ठरवायची. म्हणजे पैसा गिऱ्हाइकाने द्यायचा. दुसरं 2016 च्या नियमांचं: ज्या दुकानदाराला किंवा फेरीवाल्याला पिशवी द्यायची असेल त्याने पालिकेकडे नोंदणी करायची आणि महिन्याला किमान 4,000, म्हणजे वर्षाला 48,000 रुपये भरायचे. पाल टाकून मेथी-सांभार विकणारी बाई हे पैसे कुठून आणणार होती? ही तरतूद मार्च 2018 मध्ये रद्द झाली. त्याच महिन्यात, 23 मार्च 2018 रोजी, महाराष्ट्र सरकारने तिसरं उत्तर दिलं: पिशवी बंदच. 23 जूनपासून अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला 5,000 रुपये दंड, दुसऱ्याला 10,000, तिसऱ्याला 25,000 आणि तीन महिन्यांची कैद.

आता सूट कोणाला मिळाली ते पाहू. औषधांच्या वेष्टनाला मिळाली, ते बरोबरच आहे. निर्यातीच्या मालाला मिळाली. दुधाच्या जाड पिशवीला मिळाली, पण रिकामी पिशवी 50 पैशांना परत घेण्याच्या अटीवर. आपल्यापैकी किती जणांनी ते आठ आणे कधी परत घेतले, हे ज्याने त्याने आठवावं. अंमलबजावणीला आठवडा होतो न होतो तोच किराणा दुकानदारांनाही सुटा माल बांधायला 50 मायक्रॉनपेक्षा जाड प्लास्टिकची सवलत मिळाली. व्यापाऱ्यांच्या संघटना आहेत, त्या मंत्रालयापर्यंत पोहोचल्या. पालवाला, मासळीवाली, गोश्तचं दुकान यांचा प्रश्न मात्र तिथेच राहिला.

दंडाचंही तसंच. समजा एखाद्या गाडीवाल्याला दिवसाला 400 रुपये सुटतात. त्याच्यासाठी 5,000 म्हणजे साडेबारा दिवसांची कमाई, म्हणजे घरातला किराणा, पोरांची फी, गाडीचं भाडं. मोठ्या चकाचक दुकानाला तोच दंड म्हणजे थोड्या वेळाचा गल्ला. गुन्हा एकच आणि रक्कमही एकच, पण शिक्षा एक राहिली नाही.

तिकडे मोठ्या दुकानांत उलटी गंमत चालते. हजाराची खरेदी केली की बिलात पिशवीचे वेगळे पैसे लागतात, वर पिशवीवर दुकानाचंच नाव. पैसे आपण द्यायचे आणि जाहिरात त्यांची करायची. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर 2020 मध्ये बिग बाजारच्या प्रकरणात याला अनुचित व्यापारी प्रथा ठरवलं. आधी न सांगता, ऐन बिलाच्या वेळी पिशवीचे पैसे लावायचे नाहीत. गिऱ्हाइकाला स्वतःची पिशवी आत नेऊ द्यायची नाही आणि मग तिचेच पैसे घ्यायचे, हेही चालणार नाही. आपल्यासोबत असं झालं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही. दोन-चार रुपयांसाठी कोण भांडतं, असं म्हणून आपण गप्प बसतो आणि त्याच दोन-चार रुपयांचा ढीग होतो.

बाहेरच्या देशांनी सूट कशी ठरवली, हेही पाहण्यासारखं आहे. आयर्लंडने मार्च 2002 मध्ये प्रत्येक पिशवीवर 15 सेंट कर लावला आणि पिशव्यांचा वापर 90 टक्क्यांहून जास्त घटला. पण कच्चं मांस आणि मासळी बांधायच्या लहान पिशव्यांना तिथे पहिल्यापासून सूट आहे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2015 पासून पिशवीला 5 पेन्स लागू झाले. तिथेही कच्चं मांस, मासळी आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं यांना सूट. 250 पेक्षा कमी कामगार असलेल्या व्यवसायांनाही सूट होती, पण मे 2021 मध्ये ती काढली आणि दर 10 पेन्स केला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात पिशवीला किमान 10 सेंट लागू केले, पण सरकारी अन्न-मदतीवर जगणाऱ्या आणि गरोदर माता-लहान मुलांच्या पोषण योजनेतल्या कुटुंबांना ते माफ केले.

यातून आम्हाला दोन कसोट्या दिसतात. एक मालाची. ओला, रक्ताचा, पाण्याचा माल कागदात टिकत नाही, त्याला वेगळा विचार लागतो. दुसरी खिशाची. ज्याच्या घरी अंत्योदयचं कार्ड आहे, त्याच्याकडून पिशवीचे पैसे घेण्यात काही अर्थ नाही. पण इंग्लंडचा अनुभव असंही सांगतो की सगळ्या लहान दुकानांना सरसकट सूट कायमची चालत नाही. म्हणून गाडीवाल्याला पन्नी वाटायची मोकळीक द्या, असं आम्ही म्हणत नाही. त्याला परवडेल असा दंड ठेवा आणि हातात दुसरी पिशवी द्या, एवढंच म्हणतो.

आता घरचं बोलू. मोहल्ल्यात काही जण म्हणतात, ईदच्या तीन दिवसांसाठी तरी पन्नीला सूट मागू या. आमचं मत वेगळं आहे. मांसाला सूट मागायची असेल तर मालाच्या नावाने मागावी, धर्माच्या नावाने नको. गोश्त ईदच्या दिवशी जितकं ओलं असतं तितकंच इतर दिवशीही असतं. मासळी विकणाऱ्या भोई बाईची अडचण तीच, चिकनच्या दुकानाची तीच. सगळ्यांनी मिळून मागणी केली तर ती बाजाराची मागणी होईल. एकट्याने केली तर ती 'यांची' मागणी होईल आणि मूळ प्रश्न बाजूला पडेल.

आणि पन्नी जाते कुठे? अमरावतीत अंबानाल्यात, अकोल्यात मोर्णेत. जानेवारी 2018 मध्ये हजारो अकोलेकर मोर्णा साफ करायला नदीत उतरले, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेखही केला. आपण वरून पन्नी टाकतच राहिलो तर खाली उतरून किती वेळा साफ करणार? नाला तुंबला की पहिलं पाणी काठावरच्या वस्त्यांतच शिरतं, आणि त्यांत आपले मोहल्लेही आहेत. तहारतला आपल्या दीनमध्ये ईमानाचा हिस्सा मानलं आहे, रस्त्यातली त्रासाची वस्तू बाजूला करणं हा सदका मानला आहे. मग सदक्याचा हिस्सा वाटताना रस्त्यावर पन्नी कशी सोडायची?

आपली आजी-नानी हिस्सा ताटात घालून, वर रुमाल झाकून पाठवायची. ताट परत यायचं, सोबत दुआ यायची. आजही जवळच्या घरांत डब्याने हिस्सा जाऊ शकतो. लांबच्यांसाठी पळसाच्या पानात बांधून कापडी थैलीत देता येतो. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. पांढरं सोनं पिकवायचं आपण आणि हातात पन्नी घेऊन फिरायचंही आपणच! मोहल्ल्यात शिलाई करणाऱ्या किती बहिणी आहेत. मोहल्ला कमिटीने ईदच्या महिनाभर आधी जुन्या चादरी-पडद्यांच्या थैल्या त्यांच्याकडून शिवून घेतल्या तर त्यांनाही चार पैसे मिळतील. एक खबरदारी मात्र हवी: कापडासारखी दिसणारी जी न विणलेली पिशवी बाजारात मिळते, ती बहुतेक वेळा प्लास्टिकचीच असते.

महापालिका आणि सरकारकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. दंड धंद्याच्या आकारावर ठरवा, फेरीवाल्याला पहिल्या वेळी समज द्या. ओल्या मालासाठी, विकणारा कोणीही असो, एकच स्पष्ट नियम करा. बाजारात बचत गटांच्या थैल्या अनामत घेऊन मिळू द्या, म्हणजे थैली परत केली की पैसे परत. अंत्योदयच्या कार्डावर तीच थैली अनामत न घेता द्या. आणि पन्नी बनते तिथे, कारखान्याच्या आणि ठोक विक्रेत्याच्या दाराशी, पथक आधी पाठवा.

पण गाडीवाल्याचा प्रश्न आपल्याला होता, सरकारला नव्हता. पावती त्याच्या नावाने फाटते, कारण आपण रिकाम्या हाताने बाजारात जातो. उद्या निघताना दाराच्या खुंटीवरची थैली सोबत घेतली तर त्याला पन्नी ठेवायची गरजच उरणार नाही.