‘दोन धपाटे द्या, सुधारेल’ हा सल्ला का फसतो? ऐकतच नाही अशा मुलाच्या घरात नेमकं काय घडतं?

रात्रीचे साडेनऊ. आई म्हणते, ‘मोबाइल ठेव.’ सात वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘नाही ठेवणार.’ आवाज चढतात, मोबाइल हिसकावला जातो, मुलगा ताट ढकलतो. शेवटी शेजारी काय म्हणतील या भीतीने मोबाइल पुन्हा त्याच्या हातात येतो आणि घर शांत होतं. या दहा मिनिटांत मुलगा शिकला, की पुरेसं ओरडलं की मिळतं. आई शिकली, की दिलं की शांतता मिळते.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी १९८२ मधल्या पुस्तकात हेच चक्र सविस्तर मांडलं. यात दोष एकट्या आईचा नसतो. काही मुलं जन्मतःच जास्त तापट असतात. पण चक्र तोडण्याची सुरुवात मोठ्यांनाच करावी लागते.

हट्ट की विकार?

दोन-तीन वर्षांचं मूल सतत ‘नाही’ म्हणतं, ते वयच तसं असतं. ‘ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर’ (ओडीडी) या निदानासाठी चिडचिड, मोठ्यांशी वाद, मुद्दाम नियम मोडणं, सूडबुद्धी अशा आठपैकी किमान चार लक्षणं सहा महिने तरी दिसावी लागतात. तीही भावंडांखेरीज निदान एका व्यक्तीशी वागताना. म्हणजे फक्त ताई-दादाशी होणारी भांडणं यात धरत नाहीत!

उपचार कोणावर?

ओडीडीसाठी खास अशी गोळी नाही. मुख्य उपचार म्हणजे पालकांचं प्रशिक्षण. ‘मुलाला सरळ करा’ म्हणून आलेल्या पालकांना हे पचत नाही. बाबा तर अनेकदा येतच नाहीत.

त्यात शिकवतात त्या गोष्टी साध्या वाटतात. रोज पाच-दहा मिनिटं मुलाच्या मर्जीने खेळायचं. त्या वेळात सूचना नाही, चुका काढणं नाही. स्वयंपाकघरातून ओरडण्याऐवजी जवळ जाऊन एकच छोटी सूचना द्यायची. ऐकलं तर लगेच, नेमकं कौतुक: ‘पहिल्यांदा सांगितल्यावर दप्तर उचललंस, छान.’ नाही ऐकलं तर आधीच ठरलेला छोटा परिणाम, उदाहरणार्थ आजचं कार्टून बंद. ‘महिनाभर टीव्ही नाही’ ही धमकी कोणी पाळत नाही, हे मुलालाही माहीत असतं.

मारल्याने मूल तेवढ्यापुरतं गप्प बसतं, पण चिडल्यावर हात उचलायचा असतो हेही शिकतं.

सगळ्यात अवघड आठवडा

पालक नमायचे थांबले की मूल आधी जास्त ओरडतं. नेहमीचं बटण चालेना, म्हणून ते जोरात दाबून बघतं. ‘याचा उपयोग नाही’ म्हणत बरीच घरं इथेच माघार घेतात. त्यात आजीने पदराआडून मोबाइल दिला की सगळी मेहनत वाया. म्हणून नियम आजी-आजोबांसोबत बसून ठरवावेत, त्यांना नंतर कळवू नयेत.

अतिचंचलता (एडीएचडी), अभ्यासातल्या अडचणी किंवा शाळेतला त्रास यामुळेही मूल असं वागू शकतं. त्यामुळे शाळेतूनही तक्रारी येत असतील किंवा मूल स्वतःला-इतरांना इजा करत असेल, तर बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवं. कुठे जावं हे कळत नसेल, तर ‘टेली मानस’च्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.