गायरानात मुलांचाही वाटा आहे

पातूर मागे पडले की अकोला-वाशिम रस्ता डोंगर-जंगलातून मेडशीस पोहोचतो. या रस्त्याच्या चौपदरीकरणाचे अकोला ते मेडशी आणि मेडशी ते वाशिम असे दोन टप्पे पाडले गेले आणि गावाचे नाव दिल्लीच्या निविदांत चढले. पण मेडशीसारख्या गावातील शेतमजुरांची मुले ज्या पांदणीने हिंडतात, ती कोणत्या निविदेत असते? धुऱ्यावरच्या बोरी-बाभळी, पळस, एखादा नाला आणि पलीकडे ई-क्लास, म्हणजे गायरान : वऱ्हाडातील गरिबांच्या मुलांचे उद्यान ते एवढेच. (महसूल खात्याचे हे इंग्रजी अक्षर वऱ्हाडी शेतकऱ्याने केव्हाच आपलेसे केले आहे.) शहरात फाटक, तिकीट आणि रखवालदार यांच्यासह जो 'निसर्ग' मुलांना विकला जातो, तो येथे फुकट होता, म्हणूनच त्याची कोणी नोंद ठेवली नाही.

त्याचे मोल ताराबाई मोडक यांनी ओळखले होते. १९४५ साली बोर्डीस सुरू झालेले त्यांचे बालशिक्षणाचे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले गुरे राखतात, शाळेत येत नाहीत, असे दिसताच ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच गुरांमागे कुरणात नेली. तीच कुरणशाळा. पाने, बिया, खडे, शिंपले ही तिची साधने. मुलांसाठी कुरण हवे, हे तेथे व्याख्यान न देता सिद्ध झाले.

आज कुरणच उरेनासे झाले आहे. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ नुसार गुरचरणासाठी राखलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीवाचून अन्य कामी लावता येत नाही. जगपाल सिंग खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. कागद भक्कम आहे. तरीही २०२३ पासून सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी शासकीय व गायरान जमिनी नाममात्र भाड्याने देण्याचे धोरण आहे. दिवसा वीज शेतकऱ्याला हवीच. परंतु तिच्यासाठी पहिले कुंपण गुराख्याच्या वाटेवरच का पडावे?

यातील खरा पेच मात्र वेगळा आहे आणि डाव्या चळवळीने तो टाळता कामा नये. गायरान वाचविण्याच्या घोषणेखाली पहिला घाव बसतो तो भूमिहीनावर. १९६४ च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांनी उभारलेल्या सत्याग्रहाची मागणी पडीक जमीन भूमिहीनांना मिळावी हीच होती. २०२२ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर नोटिसा निघाल्या, तेव्हा दोन एकर कसणारा दलित शेतमजूर आणि धुरा सरकवत पांदण गिळणारा बागायतदार हे एकाच यादीत 'अतिक्रमक' ठरले. हिरवळीच्या नावाने पहिल्याला उठविणे हा अन्याय होईल. दुसऱ्याला पाठीशी घालणे ही तर गावोगावची रीतच आहे.

म्हणून मोजणी आधी पांदणींची व्हावी. नकाशावर वाट किती रुंद आहे आणि जागेवर किती उरली आहे, हे १ मेच्या ग्रामसभेत भिंतीवर लावावे. कसणाऱ्या भूमिहीनांचे पट्टे नियमित करावेत, आणि उरलेल्या ई-क्लासमध्ये अंगणवाडीपासून मुलांना चालत जाता येईल एवढ्या अंतरावरचा तुकडा झाडांसह, कुंपणाशिवाय राखून ठेवण्याचा ठराव घ्यावा. तलाठ्याकडून नकाशाची नक्कल मागविण्याचे काम तालुक्यातील कार्यकर्त्यांना याच आठवड्यात करता येईल.