धूर कोणाचा आणि दोष कोणाला?

धुराचा सारा दोष शेतकऱ्याच्या माथी मारण्याची प्रथा आपल्याकडे आता चांगलीच रूढ झाली आहे. पंजाब-हरियाणातील भाताचा पेंढा पेटून राजधानीची हवा काळवंडली म्हणजे तो राष्ट्रीय प्रश्न ठरतो. बेळगाव जिल्ह्यात कृष्णेच्या काठी उगार खुर्द, कुडची यांसारख्या गावांच्या शिवारात गाळप हंगामभर उसाचे पाचट जळत असते. तो मात्र प्रश्न ठरत नाही. थंडीच्या रात्री जमिनीलगतची गार हवा वर सरकत नाही, नदीवरचे धुके तिच्यात मिसळते आणि संध्याकाळी पेटविलेल्या फडाचा धूर सकाळपर्यंत वस्तीवर अडकून राहतो. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी कजळी पडते. ती निदान डोळ्यांना दिसते. छातीत जाणारे सूक्ष्म कण दिसत नाहीत.

ते मोजायचे कोणी? २०१९ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. त्यात कर्नाटकातील बंगळूर, दावणगेरे, हुबळी-धारवाड आणि कलबुर्गी एवढीच शहरे आली. २०११ ते २०१५ या वर्षांतील नोंदींनुसार जिथे मर्यादेचे उल्लंघन सातत्याने झाले, ती शहरे निवडली, असा निकष सांगितला गेला. निकष वरकरणी शास्त्रीय आहे. परंतु जिथे मोजमापच नव्हते तिथे उल्लंघन कोठून आढळणार? राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ बंगळुरात आहे. तेथून कृष्णाकाठ रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहे. कागदावर मात्र तो त्याहून कितीतरी दूर आहे.

फडात दोन प्रकारची आग लागते. तोडणीनंतर उरलेले पाचट शेतकरी जाळतो, कारण त्याला खोडव्यासाठी रान लवकर मोकळे हवे असते. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. ते सरीत कुजविल्यास जमिनीचा कस आणि ओल दोन्ही टिकतात, हे कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे. परंतु कुट्टी यंत्राचे भाडे कोणी द्यायचे, हे कोणी सांगत नाही. दुसरी आग अधिक बोलकी आहे: उभा ऊसच पेटवून मग तोडायचा. तोडणीची मजुरी टनावर ठरते, दिवसावर नव्हे. पाला सोलण्यात गेलेल्या वेळेचे दाम मिळत नाही. बीडकडून उचल घेऊन आलेले नवराबायकोचे जोडपे, ज्याला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात, ती उचल फेडण्यासाठी दिवसाकाठी जितके टन तोडील तितके थोडेच. शेतकऱ्याची पाळी लांबलेली असते, उसाला तुरे आलेले असतात, वजन घटत असते. तोही मान तुकवतो. जळका ऊस लगेच गाळला नाही तर साखर उतरते, आणि कारखाने जळीत म्हणून दरात कपात करतात. म्हणजे विलंबाची किंमत शेतकरी भरतो, आणि धूर प्रथम मजूर स्त्रीच्या छातीत जातो. तिची कोपी फडाच्या कडेलाच असते. बहुधा त्याच पाचटाने शाकारलेली.

कायदा काय म्हणतो? १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्याच्या १९ व्या कलमान्वये राज्य सरकारला इंधन नसलेला पदार्थ जाळण्यास मनाई करता येते. अनुवादाचे काम करणाऱ्यास असे शब्द खटकतातच. बॉयलरमध्ये गेलेले चिपाड हे इंधन, बांधावर पेटलेले पाचट हे इंधन नव्हे. चिमणीसाठी वेगळी मानके आहेत, हे खरे. पण मनाईहुकूम निघाला तर तो घेऊन शिपाई कोणाच्या बांधावर येईल, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

मनाईने धूर थांबत नाही असे नव्हे. ब्राझीलच्या साओ पावलो राज्याने २००२ साली कायदा करून ऊस जाळणे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले. २००७ च्या कारखानदारांशी झालेल्या करारात मुदती अलीकडे आणल्या. धूर खरोखरच ओसरला. पण तोडणी यंत्राकडे गेली आणि मोठ्या संख्येने तोडणी कामगारांचे काम गेले. आपल्याकडेही यंत्राची वाट तयार होत आहे: महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये तोडणी यंत्राला ४० टक्के, कमाल ३५ लाख रुपये अनुदान देऊ केले. यंत्राला आमचा तत्त्वतः विरोध नाही. ज्याच्या हातचा कोयता जाईल त्याच्या पोटापाण्याची सोय अनुदानाच्या कागदात कोठे आहे, एवढेच आम्ही विचारतो.

२०२४ च्या जानेवारीत महाराष्ट्रात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली. ती लढून मिळाली आहे. पुढच्या वाटाघाटीत, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना, न जाळता तोडलेल्या उसासाठी वेगळा वाढीव दर ही मागणी अग्रक्रमाने आली पाहिजे. हा बोजा उसाच्या दरातून कापून शेतकऱ्यावर न टाकता कारखान्याने उचलावा. तोडणीच्या पाळ्यांची यादी गावचावडीवर लागावी. पाचटाच्या कुट्टीचा खर्च हंगामाच्या हिशेबात धरावा. आणि मंडळाने निदान एका हंगामापुरते हवा मोजण्याचे यंत्र कृष्णाकाठच्या एखाद्या गावात, शाळेच्या छपरावर का होईना, बसवावे.