कॉलरीतलं शिष्यत्व

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवट गालीलातल्या एका डोंगरावर होतो. पुनरुत्थित येशू आपल्या अकरा शिष्यांना सांगतो, की सर्व राष्ट्रांत जाऊन शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा द्या आणि मी दिलेल्या आज्ञा पाळायला शिकवा. ख्रिस्ती घरातल्या पोराला हे शाळेत जायच्या आधीच पाठ असतं. आणि पाठ असल्यामुळेच पुढे आयुष्यभर त्याच्याकडे कुणी नीट पाहत नाही. बाहेरच्यांना ही आज्ञा म्हणजे धर्मांतराचा कारखाना वाटतो. आमच्यातल्या उत्साही मंडळींना ती आकडेवारी वाटते. उरलेल्या बहुसंख्यांना ते पाद्रीसाहेबांचं काम वाटतं, कारण पगार त्यांना मिळतो. या तिन्ही समजुती चुकीच्या आहेत, हे मला सांगायचं आहे, आणि ते वणीजवळच्या राजूरसारखं गाव समोर ठेवून सांगायचं आहे. राजूर म्हणजे कोळशाची खाण (कॉलरी), चुन्याच्या भट्ट्या, शिफ्टवर चालणारी घड्याळं आणि कामाच्या शोधात ठिकठिकाणांहून आलेली माणसं. राजूर ज्या यवतमाळ जिल्ह्यात आहे, तिथं ख्रिस्ती माणसं शंभरात एकसुद्धा नाहीत. इथं मोठं चर्च, मिशनचा बंगला, परदेशी देणगी यांच्या आधारानं आज्ञा पाळायची सोय नाही. म्हणून ती इथं तिच्या मूळ रूपात दिसते.

आधी सगळ्यात गंभीर आक्षेप घेऊ. ख्रिस्ती लोक सेवेच्या आडून धर्मांतर करतात, शाळा, दवाखाना आणि दुष्काळातला घास हे गळाला लावलेलं आमिष आहे, असं म्हटलं जातं. हा आक्षेप हवेतला नाही. यवतमाळ जिल्हा जेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता, तेव्हा, म्हणजे 1954 साली, त्या सरकारनं नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी समिती नेमली. 1956 मध्ये तिचा अहवाल आला आणि त्यानं मिशनांवर कडक ताशेरे ओढले. ख्रिस्ती मंडळींनी तो अहवाल पूर्वग्रहदूषित ठरवला. त्यात एकांगीपणा आहे, असं मीही मानतो. पण दुष्काळात धान्य वाटणाऱ्या हातानं नावांची यादीही केली असेल, तर त्या हाताचा बचाव आपण करू नये. भुकेलेल्या माणसाच्या होकाराला होकार म्हणत नाहीत.

हे मी नियोगींच्या दबावाखाली म्हणत नाही. ज्या मत्तयात ती शेवटची आज्ञा आहे, त्याच मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात येशू अशा धर्मगुरूंवर तुटून पडतो, जे एक माणूस आपल्या धर्मात ओढण्यासाठी समुद्र आणि जमीन पालथी घालतात आणि मग त्याला आपल्याहून दुप्पट बिघडवतात. शिष्य करा म्हणणारा गुरू माणसं गोळा करण्याच्या हव्यासाचा इतका तीव्र तिरस्कार करतो. त्यामुळे ज्यांना ही आज्ञा भरतीची जाहिरात वाटते, त्यांनी, मग ते आमचे विरोधक असोत की आमचे प्रचारक, तो ग्रंथ अर्धाच वाचलेला आहे.

याच नियोगींबद्दलची एक गोष्ट आमच्या चर्चेत कधी येत नाही. अहवाल आला त्याच वर्षी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत बौद्ध धम्म स्वीकारणाऱ्यांत नियोगी होते. विचार करून, कुणाच्या दडपणाशिवाय, जाहीरपणे त्यांनी आपली वाट बदलली. विदर्भातल्या लाखो माणसांनी त्या दिवशी जे केलं, त्यामुळे इथल्या मातीत एक गोष्ट कायमची रुजली आहे: माणसाला आपली श्रद्धा निवडता येते आणि ती निवड त्याच्या स्वाभिमानाचा भाग असते. धर्मांतर म्हणजे नेहमी फसवणूकच, असं म्हणणारा माणूस दीक्षाभूमीकडे पाठ करून बोलतो.

कायद्याचंही सांगून टाकतो. राज्यघटनेच्या कलम 25 मध्ये आपल्या धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे. 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. या निकालानं अनेक ख्रिस्ती दुखावले. धर्मांतरविरोधी कायद्यांना त्यातून जे बळ मिळालं, त्याचा त्रास साध्या प्रार्थनासभांनाही होतो, हे मला मान्य आहे. पण कुणाचं अंतःकरण बदलणं हे माणसाच्या हातचं काम आहे, असं आमचं शास्त्र कधी म्हणालं? जे आपल्या हाती सोपवलेलंच नव्हतं, त्याचा हक्क गेल्याचं दुःख का करायचं? सोपवलं होतं ते शिकवणं. ते अजून आपल्याच हाती आहे आणि तेच आपण करत नाही.

मराठी ख्रिस्ती परंपरेत हे सर्वात स्वच्छपणे कुणाला दिसलं असेल, तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांना. राजनांदगावला निघालेल्या टिळकांच्या हाती नवा करार ठेवला तो आगगाडीतल्या एका अनोळखी सहप्रवाशानं. सभा नव्हती, व्यासपीठ नव्हतं. दोन माणसं एका डब्यात बसली होती, बोलली, आणि एकानं दुसऱ्याला पुस्तक दिलं. टिळक त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी थबकले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत त्यांनी स्वतः भरली. संसार मोडला, पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. त्या परत आल्या तरी लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोवर टिळकांनी पाच वर्षं वाट पाहिली. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला माहीत आहे, की त्यांचं सोवळं बाप्तिस्म्याच्या आधीच सुटलं होतं. सगळी माणसं सारखी, हे त्यांना आधी पटलं. शिष्यत्व तिथं सुरू झालं होतं. नोंदवहीत नाव नंतर चढलं.

1917 साली टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा करायला घेतला. त्यात त्यांनी बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना जागा दिली. मिशनच्या शिस्तीत वाढलेल्या अनेकांना हे झेपलं नाही. 1919 च्या मे महिन्यात टिळक गेले आणि प्रयोग अर्धवट राहिला. काही जण विचारतात, मग बाप्तिस्म्याची आज्ञा टिळकांनी मोडली का? ती तर त्याच वचनात आहे. उत्तर टिळकांच्या आयुष्यातच आहे. ज्यानं बाप्तिस्म्यासाठी घरदार पणाला लावलं, तो त्याला क्षुल्लक कसा मानेल? तो जीव ओतून घ्यायचा निर्णय आहे हे कळल्यामुळेच त्यांनी तो कुणावर लादला नाही. ज्याला घ्यायचा आहे तो घेईल. तोवर आणि त्यानंतरही, पाळायला शिकणं चालूच राहील. आमच्या वार्षिक अहवालांत ‘या वर्षीचे बाप्तिस्मे’ असा एक रकाना असतो. आज्ञा पाळायला शिकलेल्यांचा रकाना मी कुठे पाहिला नाही, आणि तसा करता येणारही नाही.

आता पाद्रीसाहेबांकडे वळू. आमच्या जिल्ह्यात फ्री मेथडिस्ट मिशननं पिढ्यान्‌पिढ्या काम केलं. 1953 पासून तीस वर्षं युनियन बिब्लिकल सेमिनरीसारखी देशभर नावाजलेली संस्था यवतमाळात होती. 1983 साली ती पुण्याला गेली. ती गेल्याची हळहळ जुन्या मंडळींच्या बोलण्यात अजून येते, आणि ती हळहळ खरी आहे. पण तिच्या मागं एक गैरसमजही लपलेला आहे: शिकलेले लोक गेले, आता शिष्य कोण घडवणार? डोंगरावरच्या अकरांपैकी धर्मशास्त्राची पदवी एकाकडेही नव्हती. काही मासे धरणारे होते, एक जकातीच्या नाक्यावर बसणारा होता. आणि मत्तय एक विलक्षण गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो: येशूला समोर पाहूनही त्यांच्यातल्या काहींना संशय होता. आज्ञा त्यांनाही मिळाली. आधी पक्के व्हा, मग या, असं त्यांना कुणी सांगितलं नाही. ‘माझाच विश्वास डळमळीत, मी दुसऱ्याला काय शिकवू’ हे आमचं आवडतं निमित्त त्या डोंगरावरच निकालात निघालं आहे.

राजूरच्या माणसाला तर हे समजावून सांगायलाच नको. भूमिगत खाणीत नवा माणूस कसा तयार होतो? आधी प्रशिक्षण केंद्रात वर्ग होतात. मग त्याला अनुभवी माणसाच्या हाताखाली देतात. तो जुना माणूस काठीनं छत ठोकतो आणि नव्याला म्हणतो, ऐक. भरीव आवाज आला तर थांबता येतं. पोकळ आला तर मागं सरायचं. हा फरक फळ्यावर शिकवता येत नाही. दोघांना एकाच छताखाली उभं राहावं लागतं आणि छत पडलं तर दोघांवरही पडेल, हे दोघांना ठाऊक असतं. येशूनं तीन वर्षं बारा जणांना असंच शिकवलं, चालता चालता, जेवता जेवता, नावेत, लग्नघरात, थडग्यापाशी. आम्ही मात्र शिष्यत्वाचे बारा पाठांचे वर्ग काढले, प्रमाणपत्रं वाटली आणि वर्ग संपल्यावर एकमेकांच्या घरी जाणं सोडून दिलं.

खाणीतल्या ख्रिस्ती कामगाराला हे शिष्यत्व कुठं जगायचं? त्याच्या सोबत्याला दारूनं पोखरलं आहे आणि पगाराच्या दिवशी बायको गेटवर उभी राहते. त्या संध्याकाळी त्याच्याबरोबर घरापर्यंत चालत जाणं, पुढच्या महिन्यात पुन्हा जाणं, त्यानं शिव्या दिल्या तरी तिसऱ्या महिन्यात जाणं. संडे ड्यूटीचा जास्तीचा पगार समोर असताना आपण काय निवडतो, हे आपली मुलं पाहत असतात. चुनाभट्टीवरच्या मजुराची उचल फिटली तरी मालकाच्या वहीत ती फिटत नसेल, तर ती वही वाचून दाखवणारं कुणी हवं. मालक ख्रिस्ती असेल, तर त्याच्या शिष्यत्वाची परीक्षा त्या वहीतच आहे, रविवारच्या दानपेटीत नाही. यातली एकही गोष्ट ‘सुवार्ताप्रसार’ म्हणून अहवालात जाणार नाही.

इथं आमच्यातले सुशिक्षित लोक खूश होतात आणि म्हणतात, बरोबर, चांगलं वागावं, तोंडानं काही बोलू नये, आचरणच बोलतं. यांचंही खंडन केलं पाहिजे, आणि जरा जोरानं, कारण ही समजूत दिसायला सुसंस्कृत आहे. माझ्या वागण्याचं मूळ मी सांगितलं नाही, तर शेजारी त्याचं श्रेय मलाच देईल. मौन पाळून मी नम्र होत नाही. गुरूचं नाव झाकून मी स्वतःच गुरू होऊन बसतो. या बाबतीत वऱ्हाडानं आपल्याला गाडगेबाबा दाखवले आहेत. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला प्रश्न विचारायचे: कर्ज काढून सण का करता, देवापुढं बकरं का कापता, पोराला शाळेत का घालत नाही? खराट्यानं त्यांना बोलण्याचा अधिकार दिला आणि बोलण्यानं खराट्याला अर्थ दिला. दोन्हींपैकी एक काढून टाकलं असतं, तर गाडगेबाबा उरले नसते. आणि एवढं करूनही आपण कुणाचे गुरू नाही, आपला कुणी शिष्य नाही, हेच ते सांगत राहिले.

ख्रिस्ती माणसानं ही गोष्ट मनाला लावून घेण्यासारखी आहे. मत्तयाच्या त्याच तेविसाव्या अध्यायात येशू आपल्या लोकांना बजावतो, की स्वतःला गुरू म्हणवून घेऊ नका, तुमचा गुरू एकच आहे, तुम्ही सगळे भाऊ आहात. म्हणजे शिष्य करायचे ते त्याचे, आपले नव्हेत. ज्या उपदेशकाभोवती माणसं दहा वर्षं बसून आहेत आणि त्याच्याशिवाय प्रार्थनेला तोंड उघडत नाहीत, त्यानं शिष्य केले नाहीत, आश्रित केले. आज गावोगावी स्वतःच्या नावाच्या फलकावर स्वतःचा फोटो लावणाऱ्या सेवकांना हे कुणीतरी तोंडावर सांगायला हवं.

आणि ‘पाळायला शिकवा’ हे आधी कुणाला? आपल्याला. मराठी ख्रिस्ती समाजात बाप्तिस्म्याला चार पिढ्या झालेली घरं आहेत. त्या घरांत लग्न जुळवताना अजून पणजोबांची जात हळू आवाजात विचारली जाते. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्म्याआधी जे सोडलं, ते आम्ही बाप्तिस्म्यानंतर शंभर वर्षांनी धरून बसलो आहोत. ज्यांना आम्ही सुवार्ता सांगायला निघालो, त्या शेजारच्या बौद्ध वस्तीला आमची ही गोष्ट पक्की ठाऊक आहे. तिथल्या तरुणानं विचारलं, की तुमच्या ख्रिस्तानं तुमच्यातली जात का घालवली नाही, तर त्याला धर्मशास्त्रीय उत्तर देऊ नये. वणी-राजूर पट्ट्यातल्या ज्या बापाच्या मुलीचं लग्न यंदा ठरतंय, त्यानं जात न विचारता सोयरीक करावी, आणि मंडळीच्या पंचांनी त्या मांडवात सगळ्यांच्या आधी जाऊन बसावं.