कोल्हापुरात घडलेला कॅमेरा
बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात घडवलेला चलच्चित्रणाचा कॅमेरा १९१८ मध्ये पूर्ण झाला. बाबूराव आणि त्यांचे भाऊ आनंदराव हे मेस्त्री घराण्यातले. नाटक कंपन्यांचे पडदे रंगवण्यात दोघांची ख्याती होती. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ने त्यांना चित्रपटाची ओढ लावली आणि कॅमेरा स्वतःच करायचे त्यांनी मनावर घेतले. या यंत्राचे मर्म फिल्म सरकवण्यात आहे. प्रत्येक चौकट भिंगामागे क्षणभर स्थिर थांबावी लागते, झडप उघडून मिटावी लागते आणि मगच पुढची चौकट यावी लागते. दातेरी चाक किंचित चुकले तरी चित्र थरथरते. १९१६ मध्ये आनंदराव वारले. पुढे विष्णुपंत दामले यांच्या साथीने बाबूरावांनी काम तडीस नेले आणि १९२० मध्ये त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. याच काळात, १९१७ मध्ये, टोकियोत स्थापन झालेल्या निप्पॉन कोगाकू या कंपनीमागे मित्सुबिशीचे भांडवल होते, तरी तिचा पहिला निकॉन कॅमेरा १९४८ चा. कोल्हापूरच्या कारागिरीला तसे भांडवल लाभले नाही. तिथे चित्रपटांचा धंदा वाढला, पण कॅमेऱ्यांचा कारखाना उभा राहिला नाही, हे महाराष्ट्राचे मोठे नुकसान होय.