‘हे कुठून घेतलं?’ : चाळीसगावच्या प्रकल्पवह्यांविषयी आठ मुद्दे

अकरावी-बारावीला पर्यावरणाचा प्रकल्प आधीपासून आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या वर्गांतही क्षेत्रप्रकल्प आले. वर्ष संपत आलं की झेरॉक्सच्या दुकानांतून स्पायरल बाइंडिंगचे गठ्ठे बाहेर पडतात. पहिल्या पानावर रंगीत मुखपृष्ठ, मग प्रमाणपत्र, मग ऋणनिर्देश. आणि शेवटच्या पानावर एक ओळ, ‘संदर्भ : गूगल, विकिपीडिया, इंटरनेट’. या शेवटच्या ओळीबद्दल गावाशी बोलायचं आहे. माहिती कुठून आली हे शोधणं, ती पारखणं आणि ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव घेणं ही नागरिकाची सवय आहे. ती मुलांना लावणं हे शाळा-कॉलेजांइतकंच गावाचंही काम आहे.

१. सुरुवात जवळच्या साधनापासून करावी.

भास्कराचार्यांवर प्रकल्प करणाऱ्या चाळीसगावच्या मुलाला अस्सल साधन तालुक्यातच आहे. पाटण्याला देवीच्या जुन्या मंदिरात सापडलेला शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०७ च्या आसपासचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ आदी ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, अशी नोंद त्यात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी या लेखाकडे विद्वानांचं लक्ष वेधलं. त्यांचा निबंध १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पुढे कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिआ इंडिका’च्या पहिल्या खंडात लेखाचा पाठ संपादित केला. मूळ दगड, त्याचा छापील पाठ आणि त्या पाठावर इतरांनी लिहिलेलं, या तीन पायऱ्या आहेत. आपण कोणत्या पायरीवरून बोलतो आहोत, हे विद्यार्थ्याला सांगता आलं पाहिजे.

२. साधन जेवढं सांगतं तेवढंच लिहावं.

‘भास्कराचार्यांचा जन्म पाटण्याला झाला’ हे वाक्य आपल्याकडे बिनदिक्कत लिहिलं जातं. शिलालेखात नातवाने काढलेल्या मठाची आणि घराण्याच्या वंशावळीची माहिती आहे, आजोबांच्या जन्मगावाची नाही. स्वतः भास्कराचार्यांनी आपला जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा, सांगितला आहे आणि गाव सह्याद्रीजवळचं विज्जडविड असं दिलं आहे. हे विज्जडविड नेमकं कोणतं, यावर अभ्यासकांत एकमत नाही. कोणी विजापूर म्हणतं, कोणी बीड, कोणी आपला पाटण्याचा परिसर. मुलाने हे सगळं मांडावं आणि मग आपलं मत द्यावं. त्याने पाटण्याचं मोठेपण कमी होत नाही.

तीच गोष्ट लीलावतीची. घटिकापात्रात मोती पडला, मुहूर्त टळला आणि दुःखी मुलीसाठी वडिलांनी गणिताचा ग्रंथ लिहिला, ही कथा घरोघर माहीत आहे. ती सापडते अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ मध्ये केलेल्या ‘लीलावती’च्या फारसी अनुवादात, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चार शतकांहून अधिक काळाने. पाटण्याच्या लेखात मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव आहेत, लीलावती नाही. पण म्हणून ‘मुलगी नव्हतीच’ असंही लिहिता येणार नाही. लेखातली वंशावळ बाप-लेकांची आहे, लेकींचा उल्लेख तिथे अपेक्षितच नाही. साधन गप्प आहे म्हणजे त्याने नकार दिला असं होत नाही, हे ज्याला कळलं त्याला संशोधनाचा अर्धा धडा कळला.

३. गावाला टोचणारं साधन वगळू नये.

१९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी समितीचे सदस्य म्हणून खानदेशात आले होते. चाळीसगावच्या अस्पृश्य वस्तीतल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवरून वस्तीकडे नेण्यासाठी एकही टांगेवाला टांगा हाकायला तयार होईना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र सवयीचा नव्हता. नदीवरच्या मोरीच्या कडेच्या दगडावर चाक आदळलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत लिहून ठेवली आहे. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या समग्र लेखन-भाषणांच्या बाराव्या खंडात ती वाचायला मिळते.

हे साधन पारखायचं कसं? लिहिणारा स्वतः टांग्यात होता, म्हणून अपघाताबद्दल तो प्रत्यक्ष साक्षीदार. टांगेवाल्यांनी नकार दिला, ही गोष्ट मात्र त्यांना नंतर विचारपूस केल्यावर समजली, असं ते स्वतःच सांगतात. पाहिलेलं काय आणि ऐकलेलं काय, याचा हा वेगळेपणा विद्यार्थ्याने टिपला पाहिजे. आठवण काही वर्षांनी लिहिलेली आहे, म्हणून शेजारी त्या काळचे कागद ठेवावेत. बाबासाहेब सदस्य होते त्या समितीचा, म्हणजे स्टार्ट समितीचा, १९३० चा अहवाल त्यांपैकी एक. एवढं करून चाळीसगावच्या कॉलेजातली मुलगी या घटनेवर प्रकल्प लिहील, तर तो गावाच्या लाजेचा आणि गावाच्या प्रामाणिकपणाचा, दोन्हींचा दस्तऐवज होईल.

४. आजच्या घटनेचीही साधनं असतात.

३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी गावात शिरलं, कन्नड घाटात दरडी कोसळल्या. या पुरावर प्रकल्प करायचा तर साधनं चार प्रकारची आहेत. महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाची नोंद, तहसीलमधले पंचनामे, त्या आठवड्याची वर्तमानपत्रं आणि पाणी घरात शिरलेल्या माणसांचं सांगणं. पर्जन्यमापक किती मिलिमीटर ते सांगतो, दुकानातला माल किती वाहून गेला ते सांगत नाही. पंचनामा भरपाईसाठी केलेला असतो, तेव्हा तो कोणी, कधी, कशासाठी केला हे पाहावं. मोबाइलवर फिरणारा व्हिडिओ घेण्याआधी तो कोणत्या पुलावरचा आणि कोणत्या दिवशीचा याची खात्री करावी. चारही साधनं जिथे जुळतात तिथे वाक्य ठामपणे लिहावं. जिथे जुळत नाहीत तिथे तसं लिहावं.

सरकारी कागद हवा असेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, शब्द दीडशेच्या आत, शुल्क दहा रुपये आणि उत्तराची मुदत तीस दिवस. असा अर्ज लिहायला शिकणं हाच एक मोठा प्रकल्प आहे.

५. इंटरनेटवरून आत शिरावं, तिथेच थांबू नये.

मोबाइलवरची माहिती टाकाऊ असते असं माझं म्हणणं नाही. विकिपीडियाच्या लेखाखाली दिलेले संदर्भ उघडावेत, तो लेख त्या संदर्भांपर्यंत पोचण्यासाठी वापरावा. मराठी विश्वकोश आणि सरकारची गॅझेटियरं ऑनलाइन मोफत आहेत. १८८० चं खानदेश गॅझेटियर वाचताना ते इंग्रज सरकारच्या कारभारासाठी लिहिलेलं होतं हे लक्षात ठेवावं. देशभरातले पीएचडीचे प्रबंध ‘शोधगंगा’वर सापडतात.

नवं संकट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांचं आहे. ती सफाईदार मराठीत उत्तर देतात आणि कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकाचं नाव लेखक, वर्ष, पृष्ठासकट देतात. नियम सोपा ठेवावा : जे पान स्वतः उघडून पाहिलं नाही, त्याचा संदर्भ द्यायचा नाही.

६. संदर्भ देणं म्हणजे दुसऱ्याला त्याच दारापर्यंत नेणं.

पुस्तक असेल तर लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, गाव, वर्ष आणि पृष्ठ. वर्तमानपत्र असेल तर नाव, आवृत्ती, तारीख. संकेतस्थळ असेल तर पूर्ण पत्ता आणि पाहिल्याची तारीख. मुलाखत असेल तर सांगणाऱ्याची परवानगी, नाव, गाव, दिवस. कीलहॉर्न मूळ वाचलेला नसेल आणि दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतला असेल, तर त्या दुसऱ्या पुस्तकाचंच नाव द्यावं. वाक्य जसंच्या तसं घेतलं तर अवतरणचिन्हं हवीत. शब्द बदलून घेतलं तरी ऋण राहतंच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांहून अधिक साम्य आढळलेला प्रबंध कारवाईला पात्र ठरतो. मुलांना ही गोष्ट पीएचडीच्या वेळी प्रथम कळावी, हे बरोबर नाही.

७. ‘आमच्या मुलांना हे झेपणार नाही’ हे खरं नाही.

शिक्षकांची अडचण मी जाणतो. एका वर्गात शंभर-शंभर मुलं, प्रत्येकाची वही तपासायला वेळ नाही, बरीच साधनं इंग्रजीत. पण उपाय पानं कमी करण्यात आहे. चाळीस पानांऐवजी आठ पानं मागावीत, तीन संदर्भ सक्तीचे करावेत, त्यांतला एक गावातला असावा. तोंडी परीक्षेत एकच प्रश्न विचारावा : हे कुठून घेतलं? शेतमजुराची मुलगी आजीकडून दुष्काळाची हकीकत ऐकून तारीख-वार लिहून आणू शकते. त्यासाठी इंग्रजी लागत नाही. आणि खानदेशाला ही परंपरा नवी नाही. गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरं गोळा करणाऱ्या वि. का. राजवाड्यांनी १९२६ मध्ये धुळ्यातच देह ठेवला. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे आणि धुळे आपल्यापासून लांब नाही.

८. आता गावाने करायचं ते.

पाटण्याच्या शिलालेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. पाटण्याच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावर राजाला मिळणारा हिस्सा मठाला दिला, असं तो सांगतो. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या तालुक्यात गणिताच्या अभ्यासाला बाजाराचा पैसा मिळत होता. त्याच हक्काने तीन मागण्या करतो. एक, गावातल्या सार्वजनिक वाचनालयात चाळीसगावविषयीच्या साधनांचं वेगळं कपाट असावं. शिलालेखाचा छापील पाठ व त्याचा मराठी अनुवाद, आंबेडकरांचा बारावा खंड, गॅझेटियर, पुराच्या बातम्यांची कात्रणं त्यात असावीत. खर्च नगरपालिका आणि व्यापाऱ्यांनी मिळून उचलावा. दोन, शाळा-कॉलेजांनी प्रकल्पाच्या गुणांतले किमान एक चतुर्थांश गुण संदर्भांसाठी ठेवावेत. तीन, चांगले प्रकल्प गठ्ठ्यात सडू न देता वाचनालयात नोंदवून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला त्यांचाही संदर्भ देता येईल. तिन्ही मागण्या येत्या शैक्षणिक वर्षापासून अमलात येण्यासारख्या आहेत. नगरसेवक, मुख्याध्यापक, प्राचार्य आणि वाचनालयाचे विश्वस्त यांनी परीक्षा संपल्यावर एकत्र बसावं आणि कोण काय करणार हे लिहून जाहीर करावं.