दुपारचे रोम

दुपारी बारा ते चार या वेळात उन्हाळ्यातले रोम पाहू नये, असे माझे ठाम मत आहे, आणि ते बोलून दाखविल्यामुळे बरेच आप्तेष्ट मजवर रुष्ट आहेत. एवढे पैसे मोजून गेल्यावर खोलीत लोळत पडायचे काय, असा त्यांचा सवाल. सहलीच्या पत्रकात सकाळी व्हॅटिकन, दुपारी कोलोसियम आणि फोरम, संध्याकाळी खरेदी असे छापलेले असते. आणि छापील अक्षरापुढे मान तुकविण्याची आपली सवय जुनी आहे.

कोलोसियमचेच घ्या. इ. स. ८० मध्ये ते खुले झाले. त्या काळी प्रेक्षकांच्या माथ्यावर सावलीसाठी प्रचंड कनाती ताणीत, आणि त्यांचे दोर ओढायला आरमारातले खलाशी ठेवलेले असत. ज्यांनी ही वास्तू उभारली, त्यांनाही उघड्या उन्हात बसणे मान्य नव्हते! कनाती केव्हाच गेल्या. ऊन तेवढे उरले, आणि ते आता आपल्या आजी-आजोबांच्या टाळूवर पडते.

“आम्ही नागपूरचे. आम्हांला उन्हाची काय मातब्बरी?” असे एक स्नेही छाती पुढे काढून म्हणाले. १८ जुलै २०२३ रोजी रोमचा पारा ४१ अंशांपलीकडे गेला होता. त्याच महिन्यात ग्रीक सरकारने अथेन्सचे ॲक्रोपोलिस भर दुपारी बंद ठेविले. तेवढ्या उन्हात हेच गृहस्थ नागपुरात दारे लोटून कूलरसमोर पडतात, वर पन्हे पितात. तिकडे मात्र तापलेल्या दगडी फरसबंदीवर चार तास चालण्यात त्यांना पुरुषार्थ वाटतो. आमच्या सहलीतल्या एक आजी फोरममध्ये भोवळ येऊन खाली बसल्या, तेव्हा वाटाड्याने आधी घड्याळाकडे पाहिले आणि मग आजींकडे. दोष त्या एकट्याचा नव्हे. ते घड्याळ त्याच्या मनगटावर आपणच बांधले आहे.

पाण्याची तीच कथा. रोममध्ये १८७४ पासून रस्तोरस्ती बिडाच्या पाणपोया आहेत. आज त्या सुमारे अडीच हजार भरतील. वाकड्या तोटीवरून लोक त्यांना ‘नाझोनी’, म्हणजे नाकाडे, म्हणतात. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या भोकातून धार उडते. भांड्याची गरज नाही. पाणी गार आणि फुकट. आमची मंडळी त्या पाणपोईशेजारीच उभी राहून युरो मोजून बाटल्या विकत घेतात!

वेळ पुरत नाही, ही सबबही खोटी. जूनअखेर तेथे पहाटे साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि सूर्य मावळतो पावणेनऊच्या सुमारास. सकाळी चार तास हिंडावे, जेवून वामकुक्षी करावी आणि पाचनंतर पुन्हा बाहेर पडावे. दुपारी काही पाहायचेच असेल तर पँथिऑनच्या घुमटाखाली जावे. जाड भिंतींच्या आडोशाला, माथ्यावरच्या सुमारे नऊ मीटर रुंदीच्या गोल झरोक्यातून उतरलेला कवडसा भिंतीवरून हळूहळू सरकताना दिसतो. दुपारचे ऊन पाहावे ते असे.

दिवाळीच्या फराळाबरोबरच पुढच्या उन्हाळ्याच्या सहलींची पत्रके घरोघरी येऊ लागतील. वाचकहो, पैसे भरण्यापूर्वी एवढेच विचारा : “भर दुपारी आमच्या म्हाताऱ्या माणसांना कोठे ठेवणार?” उत्तर ‘उन्हात’ असेल, तर ते पत्रक चकल्यांखाली तेल टिपायला घालावे. त्याचा तेवढाच उपयोग आहे.